गाडी उभी राहिली की

(पहाट. यार्डात धुकं. बॅटरीचा उजेड टायरवरून सरकतोय.)

आधी गाडीभोवती एक फेरी. ही बाई ट्रक चालवते. लोखंडी दांड्यानं ती एकेक टायर ठोकते. दांडा टणकन उसळला तर हवा ठीक, थप्प आवाज आला तर गाडी हलणार नाही. मग वाकून ट्रेलरची जोडणी. ट्रेलरचा जाड खिळा पुढच्या गाडीच्या कुलपात बसलाय, हे डोळ्यांनीच बघायचं. वर चढून पुढे हलका हिसका द्यायचा. जोडणीनं धरलं. मग हवेच्या नळ्या, दिवे, आरसे.

चित्रणातली ही फेरी आम्ही मुद्दाम फारशी कापलेली नाही. बाईला हे झेपतं का, असं विचारणारे अजून आहेत.

पूर्वीही होते. टेक्सासमध्ये लिली ड्रेनन यांनी व्यावसायिक ट्रकचा परवाना मागितला, तेव्हा ऐकू कमी येतं म्हणून त्यांना अडवून पाहिलं. 1929 साली परवाना मिळाला. त्या स्वतःची ट्रक कंपनी चालवायच्या आणि गाडीत भरलेलं रिव्हॉल्व्हर ठेवायच्या.

हिच्या केबिनच्या दारावर नाव नाही. आम्हीही सांगणार नाही. तिचीच अट आहे.

(महामार्ग. डॅशबोर्ड जवळून.)

चालवण्याचे तास मोजणाऱ्या या घड्याळाकडे लक्ष ठेवा. युरोपात साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबावंच लागतं, दिवसाची मर्यादा साधारण 9 तासांची. अमेरिकेत 11. नियम झोपेसाठी आहे, चांगलाच आहे. पण तास संपतील तिथे थांबायला जागा असेल, हे नियम बघत नाही. रात्री थांबे भरलेले असतात. मग उरते रस्त्याकडेची अंधारी जागा.

म्हणून ती दिवस मावळायच्या आतच थांबते. उरलेले तास वाया जातात. किलोमीटरवर पैसे मिळणाऱ्यांची तेवढी कमाई बुडते.

(ट्रकचा थांबा. संध्याकाळ.)

जागा निवडताना बघा. दिव्याखाली, इमारतीजवळ, आणि गाडीचं तोंड बाहेर. रिव्हर्स न घेता निघता यावं. पडदे ओढले. आता सीटबेल्ट दाराच्या हँडलमधून ओवून ताणायचा आणि खटका लावायचा. दुसऱ्या दारालाही तसंच. बाहेरून कुलूप उघडलं तरी दार उघडत नाही. हात किती सवयीनं चालतात!

स्वच्छतागृह कधी मिळेल याचा भरवसा नाही म्हणून पाणी कमी प्यायचं, लघवी धरून ठेवायची. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होऊ शकतो.

रात्रीचं चित्रण आमच्याकडे नाही. बाहेर कॅमेरा दिसला की आत कोण आहे याची चौकशी सुरू होते, असं ती म्हणाली.

(पहाट. पुन्हा बॅटरीचा उजेड.)

आज मात्र टायर नंतर. आधी ती जोडणीखाली वाकते. गाडी रात्रभर परक्या जागी उभी होती. जोडणीचं कुलूप उघडणारा दांडा कुणी ओढून ठेवला असेल, तर ट्रेलर रस्त्यात सुटतो.