पांढरा पार्सलमध्ये मावत नाही

[दृश्य: शेगडीवरचं मोठं पातेलं, झाकणावर ओतलेलं पाणी]

रविवार, सकाळचे साडेसात. कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या या खानावळीत खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या ठेवलेल्या आहेत, पण आत पातेलं चढलंय. आलं-लसणाचं वाटण, मीठ, मटण. हळद टाकताना मावशी हात आखडता घेतात. कशासाठी, ते पुढं कळेल. झाकणावर ओतलेलं पाणी तापलं की तेच आत सोडायचं. गार पाणी पडलं तर मटण वातड होतं, हे या घरात कुणी कुणाला शिकवत बसत नाही.

मटण शिजलं की त्याचं जे पाणी उरतं त्याला इथं अळणी म्हणतात. घरातल्या लहान पोराला, आजारातून उठलेल्या माणसाला ते असंच वाटीतून देतात. कोल्हापुरी ताटातले दोन्ही रस्से याच पातेल्यातून निघतात. तांबडा आणि पांढरा सख्खे भाऊ. एक तापट, दुसरा शांत.

[दृश्य: लोखंडी कढईत भाजलेलं सुकं खोबरं, कांदा, तीळ]

आधी तापट. सुकं खोबरं, कांदा, तीळ, खसखस भाजून वाटलेली. तेलात हे वाटण परतायचं आणि मग चटणी. चटणी म्हणजे कांदा-लसूण घालून केलेलं वर्षाचं तिखट. उन्हाळ्यात मिरच्या वाळवायच्या, डंकावर कुटून आणायच्या, बरण्या भरायच्या. रंगासाठी ब्याडगी, तिखटासाठी संकेश्वरी किंवा लवंगी. प्रमाण प्रत्येक घराचं वेगळं आणि कॅमेऱ्यासमोर सांगायला कुणीच तयार नसतं. आम्हालाही सांगितलं नाही. चटणी तेलात पडली की दोन क्षणांत अळणी ओतावं लागतं, नाहीतर ती करपते. मग वर येतो तो कट, लालभडक.

[दृश्य: पाट्यावर काजू, तीळ, खसखस, शेजारी पंचातून पिळलं जाणारं नारळाचं दूध]

आणि हा पांढरा. काजू, पांढरे तीळ आणि खसखस भिजवून गंधासारखी बारीक वाटतात. कण राहिला की रस्सा जिभेला रवाळ लागतो. ओल्या नारळाचं दूध दोनदा काढतात, पहिलं घट्ट, दुसरं पातळ. फोडणीत तमालपत्र, लवंग, दालचिनी, वेलदोडा, मिरी. चटणीचा डबा या पातेल्याजवळ येतसुद्धा नाही. त्यावर अळणी, मग वाटण, मग पातळ दूध. आता हळदीचं कोडं सुटलं असेल: चिमूटभर जास्त पडली असती तर पांढरा पिवळा झाला असता.

घट्ट दूध सगळ्यात शेवटी. इथून पुढची काही मिनिटं मावशी कुणाशी बोलत नाहीत. आच मंद, झाकण नाही, पळी सतत फिरती. पांढऱ्याला उकळी फुटू द्यायची नसते. खळखळून उकळला की नारळाच्या दुधातला स्निग्धांश सुटतो, खाली पाणी राहतं, वर दह्यासारखे कण तरंगतात. त्याला म्हणतात, रस्सा फुटला. फुटलेला पांढरा परत जुळत नाही. कोल्हापुरी म्हणजे नाकाडोळ्यांतून पाणी, एवढंच ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी हे पातेलं बघावं.

[दृश्य: दार उघडतं, पहिली मंडळी आत]

बाराच्या आत पहिलं टेबल भरतं. आजी, आजोबा, दोन मुलगे, सुना, चार नातवंडं. टेबल सहा जणांचं, माणसं दहा. दुसरं टेबल ओढून जोडलं जातं, त्याच्या पायांचा आवाज तुम्ही ऐकताय. आजोबांना भाकरी ज्वारीची आणि गरम हवी; ती थापली जाईपर्यंत ते ताटाला हात लावत नाहीत.

ताटात सुकं मटण, खिमा, अंडं, दही-कांदा, लिंबू, भाकरी किंवा चपाती, शेवटी भात. आणि दोन वाट्या. ताटाचा दर फळ्यावर लिहिलेला आहे, रश्श्याचा कुठंच नाही, कारण रस्सा मोजायचा नसतो. वाढपी दोन्ही हातांत दोन बादल्या घेऊन फिरतो. “पांढरा वाढू काय?” “वाढ की.” “अजून?” “आरं, इचारतोस काय, घाल!” पलीकडच्या टेबलावर कॉलेजच्या मैत्रिणी बसल्यात. त्यातली एक सांगते, “मी तर भाकरीला हातच लावला नाही, नुसता पांढराच पिलो.”

टेबलावर एखादा शाकाहारी असतोच. त्याच्यासाठी अख्खा मसूर. तो बिचारा तेवढ्यावर खूश असतो, पण रश्श्याची बादली जवळून गेली की मान वळते. आमच्या कॅमेऱ्यानं ते टिपलंय.

[दृश्य: भाऊसिंगजी रोडवरची वर्दळ]

या शहरात एका ठिकाणी बसून खाणं ही साधी गोष्ट कधीच नव्हती. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात गंगाराम कांबळे या दलित नोकरानं पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना हॉटेल काढायला पैसे दिले. ते हॉटेल निघालं, इथंच, भाऊसिंगजी रोडवर. नाव होतं सत्यसुधारक. स्पृश्यांचं गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेऊ लागले, आणि सोबतच्या मंडळींनाही तो घ्यावा लागला. पुस्तकात या प्रसंगाला चार ओळी मिळतात. आम्हाला विचाराल तर कोल्हापूरच्या हॉटेलांचा इतिहास तिथूनच सुरू करायला हवा.

[दृश्य: राजर्षी शाहू स्टेडियमबाहेर पोरांचा घोळका, झेंडे, मोटारसायकली]

फुटबॉलचा हंगाम असला की संध्याकाळचं गणित बदलतं. पेठांचे संघ, पेठांचे समर्थक, मॅच संपली की दोन्हीकडचे भुकेले. जिंकलेले मोठ्या आवाजात जेवतात, हरलेले त्याहून मोठ्या आवाजात पंचांना बोलतात. खानावळीत ते शक्यतो शेजारच्या टेबलावर येणार नाहीत याची काळजी मालकाचा मुलगा घेतो.

दोस्तांचं आणखी एक प्रकरण म्हणजे रस्सा मंडळ. वर्गणी काढायची, मटण आणायचं, कुणाच्या तरी शेतात नाहीतर नदीकाठी तीन दगडांची चूल मांडायची. आखाडात तर बघायलाच नको. पांढरा मात्र तिथं फारसा होत नाही. पळी फिरवत उभं राहायला तेवढा शांत डोक्याचा गडी त्या घोळक्यात सापडत नाही. कोल्हापूरकर मटणाच्या बाबतीत इतका हळवा, की 2019 च्या अखेरीस दर चढले तेव्हा माणसं रस्त्यावर उतरली, कृती समिती बसली, विक्रेत्यांशी बैठका झाल्या.

[दृश्य: काउंटरवर प्लास्टिकचे गोल डबे, डिलिव्हरीवाल्यांची रांग]

आता हे डबे. पूर्वी घरून किटली नाहीतर कडीचा डबा घेऊन पोरगं यायचं, घर गल्लीत असायचं, रस्सा गरम असतानाच वाटीत पडायचा. आता पार्सल शहराच्या दुसऱ्या टोकाला जातं. तांबडा निभावून नेतो; तो परत तापवला तरी तांबडाच. पांढरा वाटेत गार होतो, वर साय धरतो, घरी कुणीतरी तो गॅसवर मोठ्या आचेनं उकळतं आणि तो फुटतो. मग फोन येतो, तुमचा पांढरा खराब होता. मावशींनी डब्याच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवून पाहिली, मंद आचेवर गरम करा. चिठ्ठी कुणी वाचत नाही.

पार्सल वाढलं, बसणारे घटले, वाढपी तिघांचा एक राहिला, आणि मावशींचा मुलगा म्हणतो की पुढची दोन टेबलं काढून तिथं काउंटर करू.

[दृश्य: दुपारचा दीड, सगळी टेबलं भरलेली]

आज मात्र रविवार आहे. बाहेर बाकावर नंबर लावून माणसं बसलीत. त्यात अंबाबाईचं दर्शन घेऊन आलेलं पुण्याचं एक कुटुंब आहे. त्यांनी पहिल्यांदा तांबड्याची वाटी तोंडाला लावली तो क्षण आम्ही तसाच ठेवलाय, त्यावर आम्ही काही बोलत नाही.

[दृश्य: बाप-लेक, तीन मित्र, एकमेकांचे हात धरून काउंटरवर]

आणि हे बिल. दहा जणांच्या टेबलावरून दोन भाऊ एकदमच उठले. “दादा, तू मागच्या येळी दिलास.” “गप बस, मी हाय न्हवं?” धाकट्यानं नोट पुढं केली, थोरल्यानं त्याचं मनगट धरलं, आजोबांनी खिशात हात घातला तसे दोघंही त्यांच्यावर ओरडले. मालकाचा मुलगा अशा वेळी कुणाच्याच हातातली नोट घेत नाही. ज्याचा फोन आधी क्यूआर कोडवर टेकतो, तो जिंकतो. आज थोरला बायको-मुलांना बाहेर घेऊन गेला तेवढ्यात धाकट्याचा टेकला.

जेवण झालं की आईस्क्रीम. मटणावर दूध पिऊ नये असं बजावणारी आजीच रांगेत सगळ्यात पुढं उभी आहे, आणि तिला त्यात काहीच वावगं वाटत नाही.

मावशी अजून जेवलेल्या नाहीत. अडीचला पांढऱ्याचं पातेलं संपलं. त्यानंतर आलेल्यांना त्या दारातच सांगतात, तांबडा हाय, पांढरा न्हाई, बसणार का? बरेचसे बसतात.