हल्ला फसला, फोन गेले

[दृश्य : टेबलावर पांढरा राउटर, अगदी जवळून]

हा स्पीडपोर्ट. जर्मनीत डॉइचे टेलिकॉमची लाइन घेतली की घरी येणारा राउटर, बनावट तैवानच्या आर्केडियन कंपनीची. इंटरनेट, टीव्ही, घरचा फोन, सगळं याच एका डब्यातून चालतं. 27 नोव्हेंबर 2016, रविवारी, टेलिकॉमच्या सुमारे 2 कोटी ग्राहकांपैकी 9 लाखांच्या घरी सायबर हल्ल्यामुळे हा डबा बंद पडला.

[दृश्य : राउटर उलटा करून मागची बाजू, केबली]

मागे ही केबलींची भोकं. पण हल्ला आला ते पोर्ट यात दिसणार नाही. ते सॉफ्टवेअरमधलं दार, नंबर 7547. ग्राहकाच्या घरी माणूस न पाठवता सेटिंग बदलता यावं, अपडेट टाकता यावं, म्हणून टेलिकॉम कंपन्या टीआर-069 नावाची पद्धत वापरतात. कंपनीचा सर्व्हर या पोर्टवर नुसती टकटक करतो. ती ऐकून राउटर स्वतःहून सर्व्हरशी संपर्क साधतो. एवढंच काम. म्हणजे टकटक करायचा हक्क फक्त कंपनीच्या सर्व्हरला हवा. इथे तो साऱ्या जगाला होता.

[दृश्य : लॅपटॉपचा स्क्रीन, एक पॅकेट उलगडून दाखवलेलं, कर्सर एका ओळीवर थांबतो]

ही ओळ बघा : सेट-एनटीपी-सर्व्हर्स. राउटरने घड्याळ कुठून लावून घ्यायचं, त्या सर्व्हरचा पत्ता इथे भरतात. या पॅकेटात, म्हणजे नेटवरून आलेल्या संदेशाच्या तुकड्यात, पत्त्याच्या जागी चक्क हुकूम आहे : अमुक ठिकाणाहून फाइल उतरवून घे आणि चालव. आयर्लंडमधल्या एअर कंपनीच्या मोडेमला हा हुकूम चालतो, हे त्याच नोव्हेंबरात जाहीर झालं होतं. मिराई या बॉटनेटचा, म्हणजे परक्यांची यंत्रं ताब्यात घेऊन त्यांची फौज बनवणाऱ्या प्रोग्रामचा, सोर्स कोड तर त्याआधीच कुणालाही उतरवून घेता येत होता. दोन्ही जोडायला फार अक्कल लागली नसावी.

आता खरी गोम. तो हुकूम लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी होता; या स्पीडपोर्टमध्ये लिनक्स नाहीच. संशोधकांनी नंतर राउटर तपासला, तेव्हा दिसलं की तो हुकूम याला लागूच पडत नव्हता. राउटर ताब्यात घेण्याचा डाव इथे फसला. पण जगभरातली आधीच बाधित झालेली यंत्रं त्याच पोर्टवर येऊन धडकत राहिली, पुन्हा पुन्हा. येणारी प्रत्येक जोडणी निस्तरता निस्तरता राउटर थकला. वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा भाग आधी गप्प झाला आणि तो गप्प झाला की घरातल्या माणसाच्या लेखी नेट गेलंच. चोरी झाली नाही, बिघाड मात्र झाला. असल्या दोषाला कंपन्यांच्या यादीत नेहमी खालचा नंबर मिळतो : ‘डेटा गेला नाही ना, मग बघू पुढच्या अपडेटला.’

[दृश्य : हात प्लग काढतो, थांबतो, परत लावतो]

टेलिकॉमचा ग्राहकांना सल्ला हाच होता. तोवर नेटवर्कवरच हा मारा अडवायला सुरुवात झाली, नवं सॉफ्टवेअरही तयार झालं. मारा अडवणं कंपनीच्या हातात होतं, हेही त्यातून कळलं.

[दृश्य : कोलोनच्या न्यायालयाची इमारत, बाहेरून]

29 वर्षांच्या एका ब्रिटिश तरुणाने गुन्हा कबूल केला. लायबेरियातल्या एका टेलिकॉम कंपनीकडून प्रतिस्पर्ध्याचं नेटवर्क पाडायची सुपारी घेतली होती, त्यासाठी बॉटनेट वाढवत होतो, जर्मनीशी देणंघेणं नव्हतं, असं त्याने सांगितलं. शिक्षा एक वर्ष आठ महिने, तीही स्थगित. नुकसान टेलिकॉमच्या हिशेबाने सुमारे 20 लाख युरो. पोर्ट जगाला उघडं का होतं, याचा जाब या खटल्यात कुणाला द्यावा लागला नाही.

[दृश्य : भिंतीवरचा जुना मोडेम, खाली लोंबणारी वायर]

निकाल लागला जुलै 2017 मध्ये. त्याच महिन्यात इकडे भारतात बीएसएनएलचे हजारो मोडेम एका मालवेअरने बंद पाडले. बरेचसे फॅक्टरीतून आलेल्या पासवर्डवरच चालत होते. ग्राहकांना सूचना आली : पासवर्ड बदला.