गाठीतला जंतू

निळ्या रंगात या बारीक लाल काड्या दिसताहेत ना, ते क्षयाचे जंतू. थुंकीचा नमुना काचपट्टीवर पसरला, लाल रंग ओतून खालून ज्योत दिली, मग आम्लानं धुतला. बाकी सगळ्याचा रंग निघाला, यांचा नाही. अंगावरचं मेणचट कवच एकदा धरलेला रंग सोडत नाही. शरीरातही हेच कवच त्यांना तारतं.

रुग्ण खोकला की थेंब उडतात. त्यातले अगदी बारीक, श्वासाबरोबर थेट फुप्फुसातल्या हवेच्या फुग्यांत, म्हणजे वायुकोशात उतरतात. तिथं राखणीला भक्षक पेशी असतात. ही बघा, सरकत आली. जंतूला वेढलं, आत ओढलं, पिशवीत बंद केलं. आता पाचकरसांनी भरलेली दुसरी पिशवी येऊन हिला मिळायची आणि जंतू विरघळायचा. एरवी तसंच होतं. क्षयाचा जंतू मात्र या दोन पिशव्या एक होऊ देत नाही. जिनं गिळलं तिच्याच पोटात तो बिऱ्हाड थाटतो. एकाचे दोन व्हायला त्याला जवळजवळ एक दिवस लागतो, आणि कुमक यायला तर काही आठवडे.

कुमक म्हणजे टी पेशी, पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार. लसीका ग्रंथींतून त्या येतात, इंटरफेरॉन गॅमा नावाचं इशारा देणारं प्रथिन सोडतात आणि भक्षक पेशींना जोर चढतो. मग सगळ्या मिळून वेढा घालतात. तो वेढा म्हणजे ही गाठ. मधोमध कुस्करलेल्या पनीरसारखा मृत भाग, भोवती भक्षक पेशींचं कडं, त्याबाहेर गडद ठिपके, त्या टी पेशी. आत जंतू जिवंत असू शकतो. तरी संसर्ग झालेल्या १०० पैकी ९० जणांचा वेढा तरी जन्मभर टिकतो.

हा वेढा अन्नावर उभा असतो, तेच आम्हाला सांगायचंय. अंगात प्रथिनंच नसतील तर या पेशी येणार कुठून? झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांनाही शिधा दिला. मोठ्या माणसाला महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ, सोबत जीवनसत्त्वांच्या गोळ्या. २०२३ साली निष्कर्ष आले. जिथं शिधा फक्त रुग्णापुरता होता, त्या घरांच्या तुलनेत इथं नवा क्षय ३९ टक्क्यांनी कमी.

वेढा फुटला की एक्स-रेत हा असा खळगा दिसतो. खोकला, रक्त, सहा महिने औषधं.

आणि हे पातेलं. पाच माणसांचं घर, त्यात एक रुग्ण. डाळ मूठभर, बाकी पाणी.