तातडीचा डॉक्टर कुठे घडावा?

श्रोतेहो, नमस्कार. ऊसतोडीच्या हंगामात सातारा-सांगलीच्या शिवारांत मजुरांची कुटुंबे कोप्यांमध्ये, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, जमिनीवर झोपतात. झोपेत मण्यार चावली, तर बहुधा दुखत नाही, सूज येत नाही, दातांची खूणही सापडत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात आणि मग श्वास मंदावत जातो. अशा रुग्णाला पित्ताचे इंजेक्शन देऊन घरी पाठवणारा डॉक्टर आणि पापण्या पाहताच सर्पदंशाची शंका घेणारा डॉक्टर, यांची पदवी एकच असू शकते. फरक असतो तो प्रशिक्षणाचा.

आपत्कालीन वैद्यक या स्वतंत्र शाखेला भारतात २००९ साली मान्यता मिळाली. तीन वर्षांचे हे एम.डी.चे शिक्षण मुख्यतः मोठ्या रुग्णालयांत होते, जिथे भूलतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर असतो आणि व्हेंटिलेटर शेजारच्या कक्षात. पाटण किंवा जतच्या बाजूला, रात्री दोन वाजता, हे गृहीत धरता येत नाही. कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडे कांदाटी खोऱ्यातल्या कित्येक गावांतून तर रुग्णाला आधी लाँचने पाणी ओलांडावे लागते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे, असा नियम २०२० मध्ये आला. तो चांगलाच आहे, पण माझ्या मते अपुरा आहे; कारण जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत रुग्णाचा मोलाचा वेळ वाटेतच गेलेला असतो. यांतले काही आठवडे तरी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आणि १०८ च्या रुग्णवाहिकेत जायला हवेत. विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड भागातल्या रुग्णांवर उपचार करतानाच दाखवून दिला, हे इथे विसरता येत नाही.

ग्रामीण रुग्णालयात आणि रुग्णवाहिकेत शिकायचे असते ते असे: सर्पदंशावरचे प्रतिविष सुरू करण्यापूर्वी, त्याची तीव्र ॲलर्जी आलीच तर म्हणून, ॲड्रिनलिनचे इंजेक्शन भरून हाताशी ठेवणे, घाटाच्या वळणांवर हलत्या गाडीत अंबू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या श्वासाच्या पिशवीने, श्वास चालू ठेवणे, कीटकनाशक प्यालेल्याला छातीतली घरघर थांबेपर्यंत ॲट्रोपिन हा उतारा देत राहणे. हे एकट्या डॉक्टरचे काम नव्हे; परिचारिका आणि गाडीवरचे आयुर्वेद पदवीधर डॉक्टर यांनाही त्याच वर्गात बसवायला हवे.

आणि रुग्ण पुढे पाठवताना केवळ 'वरच्या दवाखान्यात न्या' एवढे सांगून भागत नाही. पुढच्या रुग्णालयाला आधी फोन करावा लागतो आणि दंशाची अंदाजे वेळ, दिलेल्या प्रतिविषाच्या कुप्या, शेवटच्या मात्रेची वेळ आणि निघतानाचा श्वासाचा वेग चिठ्ठीवर लिहावा लागतो. नमस्कार.