चेरीच्या झाडाखालची मुलगी

फांद्यांवर चेरीचा बहर. बुंध्याशी जपानी सैनिक. खाली एक मुलगी पडलेली, अंगावर कपडा नाही. पण तिने झाकलाय तो चेहरा, दोन्ही तळहातांनी. मुळांशी कवट्या.

हे चित्र १९९५ सालचं, नाव ‘हिरावलेलं कोवळेपण’. काढणाऱ्या कांग दोक-ग्योंग तेव्हा पासष्टी ओलांडलेल्या होत्या.

१९४४. कोरियावर जपानचं राज्य. पंधरा वर्षांच्या कांगना जपानमधल्या कारखान्यात राबायला पाठवलं गेलं. भुकेने जीव कासावीस झाला तेव्हा त्या तिथून पळाल्या आणि एका सैनिकाच्या तावडीत सापडल्या. पुढे लष्कराचा कुंटणखाना. अशा मुलींना जपानी लष्कराने नाव दिलं होतं, ‘दिलासा देणाऱ्या स्त्रिया’. दिलासा! कुणाला, हे सांगायला नको.

युद्ध संपलं. परत आलेल्या बायका गप्प राहिल्या. घरात कळलं तर? गावात कळलं तर? १४ ऑगस्ट १९९१ रोजी त्यांच्यातल्याच एक, किम हाक-सुन, स्वतःच्या नावानिशी सगळ्यांसमोर बोलल्या, मग एकेकीला कंठ फुटला. त्यांतल्या काही जणी ‘नानुम-ए जिप’ इथे, म्हणजे ‘वाटून घेण्याच्या घरात’, एकत्र राहू लागल्या. कोरियात त्यांना हाल्मोनी म्हणतात. आपण म्हणू, आजी.

१९९३ पासून एक तरुण चित्रकर्ती या आज्यांना शिकवू लागली. साक्ष देताना प्रश्न ठरलेले असत: कुठे नेलं, कोणत्या साली, किती दिवस? चित्राच्या कागदापुढे मात्र तारीख आठवली नाही तरी चालत होतं.

या आज्यांपैकी किम सुन-दोक यांना १९३७ मध्ये कामाचं आमिष दाखवून चीनला नेलं होतं. त्यांच्या ‘न उमललेलं फूल’ या चित्रात कोरियन पोशाखातली मुलगी आणि मिटलेल्या कळ्या आहेत. बघणाऱ्याला हुरहूर लागते, गळा दाटतो.

कांग आजींचं तसं नाही. त्यांच्या चित्रांसमोर रडू येत नाही, अवघडायला होतं. त्यांना सहानुभूती नको होती, हिशेब हवा होता. ही चित्रं जपानमध्येही दाखवली गेली.

१९९६ साली त्यांनी आणखी एक झाड रंगवलं. या वेळी बुंध्याला माणूस बांधलाय, त्याच्यावर पिस्तुलं रोखलेली. सोबत पांढरी कबुतरं. नाव, ‘जबाबदारांना शिक्षा करा’.

फेब्रुवारी १९९७ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरने कांग आजी गेल्या. त्यांना हवी होती ती शिक्षा झाली नव्हती.