पट्टा थांबल्यानंतरचं पहिलं मिनिट

(दृश्य: बेळगाव. टीएमटीची, म्हणजे सरकत्या पट्ट्यावर चालवून हृदय तपासायची खोली.)

येळ्ळूरहून आलेल्या या काकांनी पन्नाशी ओलांडलीय. भातलावणीला दिवसभर चिखलात वाकून राबणारा माणूस. चढावर धाप लागते म्हणून डॉक्टरांनी इकडं पाठवलं. छातीवरचे केस काढून ईसीजीच्या चकत्या चिकटवल्यात, दंडाला बीपीचा पट्टा बांधलाय.

"कठड्यावर भार टाकू नका काका. बोटं नुसती टेकवा."

सुरुवात ताशी २.७ किलोमीटरनं, १० टक्के चढावर. दर तीन मिनिटांनी वेगही वाढतो, चढही. सिएटलच्या डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही जगभर चालते.

(दृश्य: बाहेरचा बाक. काकांचा मुलगा उठून उभा राहतो.)

"काय आलं? निगेटिव्ह न्हवं?"

घरोघरी एवढंच विचारलं जातं. निगेटिव्ह म्हटलं की फाईल कपाटात जाते. पण हा शेरा प्रामुख्यानं ईसीजीच्या रेघेवरून ठरतो: श्रम वाढल्यावर हृदयाला रक्त कमी पडतं का, एवढंच ती रेघ सांगते. जिवाला धोका किती, हे कळायला त्याच कागदावरचे आणखी दोन आकडे बघावे लागतात.

पहिला आकडा, माणूस किती दमापर्यंत चालला. तो 'मेट'मध्ये लिहितात. स्वस्थ बसलेलं शरीर जेवढा प्राणवायू वापरतं, तो एक मेट. अमेरिकेत सहा हजारांहून जास्त पुरुषांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. क्षमता एका मेटनं जास्त, तर जगण्याची शक्यता १२ टक्क्यांनी जास्त, असं त्यात दिसलं. शेतात राबतो म्हणजे हृदय ठणठणीत, हा समज आपल्याकडं गावोगाव आहे. तो घातक आहे. दम मोजल्याशिवाय कळत नाही.

(दृश्य: पट्टा मंदावतो. पडद्यावर नाडीचा आकडा.)

दुसरा आकडा आता बघा. श्रम थांबले की व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाचा वेग आवरतो. १९९९ मध्ये क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी २,४२८ जणांवरचा अभ्यास मांडला. त्यांचा सुमारे सहा वर्षं पाठपुरावा झाला होता. पहिल्या मिनिटात ज्यांची नाडी १२ किंवा त्याहून कमी ठोक्यांनी उतरली, त्यांच्यात मृत्यूचा धोका इतरांच्या जवळपास दुप्पट निघाला. वय आणि बाकीची कारणं हिशेबात धरूनही. पॅरिसमध्ये ५,७१३ नोकरदार पुरुषांवर २३ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. सुरुवातीला त्यांच्यापैकी कुणालाच हृदयविकार असल्याचं माहीत नव्हतं. बसल्या जागी नाडी ७५ च्या वर, श्रमात ती पुरेशी न चढणं आणि थांबल्यावर सावकाश उतरणं, या तिन्ही खुणा अचानक मृत्यू आलेल्यांत जास्त आढळल्या.

हे आकडे एकटे वाचायचे नसतात. बीटा ब्लॉकर गोळीनं नाडी मुळातच दबते. पट्टा एकदम थांबवला की मंद चालू ठेवला, यानंही फरक पडतो. बायकांमध्ये रेघ खोटी पॉझिटिव्ह, म्हणजे आजार नसताना दोष दाखवणारी, येण्याचं प्रमाण जास्त असतं. ज्यांना काही त्रास नाही आणि धोकाही कमी आहे, त्यांनी हौसेनं ही चाचणी करू नये.

(दृश्य: निपाणी. तंबाखूचं शेत.)

आणि हृदयाच्या रक्तवाहिनीतली थोडीशी चरबी, जिनं रक्त अजून अडलेलं नाही, ती या चाचणीत दिसत नाही. तीच फुटली की झटका येतो. म्हणून निगेटिव्ह रिपोर्ट हातात असला, तरी बीडी, साखर आणि बीपीचा हिशेब वेगळा द्यावाच लागतो.

छातीत आत्ता, बसल्या जागी दुखत असेल, घाम सुटला असेल, तर टीएमटीच्या रांगेत थांबू नका. थेट तातडीच्या विभागात जा.