नागपूरचा उन्हाळा आणि घरखर्चाची वही

नमस्कार मंडळी! घरखर्चाची वही बरेच जण जानेवारीत हौसेनं सुरू करतात आणि मे महिन्यात ती बंद पडते. त्यात आळशीपणा नाही, बरं का. वहीतला प्रत्येक महिना सारखा असतो, नागपूरचा नसतो.

किराणा, दूध, गॅस, पेट्रोल, हप्ता, एवढं आपण मांडतो. आता उन्हाळा बघा. कूलर माळ्यावरून काढला, धुतला, सुरू केला, तर पंप जाम. खस बदलायची. टाकी खालून गंजलेली, तिला एम-सील. मग दोन कूलर रात्रंदिवस. त्याच सुमारास शाळेची फी, वह्या-पुस्तकं, आणि लग्नसराईतले आहेर वेगळे!

विजेच्या बिलाबद्दल जरा थांबून सांगतो. घरगुती विजेला टप्प्यांनी दर असतो: 100 युनिटपर्यंत एक, 101 ते 300 दुसरा, 301 ते 500 तिसरा, त्यापुढे चौथा. 301वं युनिट पडलं की अख्ख्या बिलाला वरचा दर लागतो, असं लोक सांगतात. तसं नाही. वरचा दर फक्त 300 च्या वरच्या युनिटांना. तरी 180 युनिटवालं घर मे महिन्यात 420 वर गेलं, तर युनिट अडीच पटही वाढत नाहीत, बिल मात्र त्याहून जास्त पटीनं फुगतं. आणि मग आपण म्हणतो, अचानक खर्च आला. बाप्पा, ऊन काय यंदाच पडलं?

तर, आधी वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च काढा. समजा फी 36,000, दिवाळी 12,000, उन्हाळ्याचा जास्तीचा खर्च 8,400, गाडीचा विमा 3,600. झाले 60,000. म्हणजे महिन्याला 5,000. पगार 42,000 असेल, तर तुमच्या हातात 37,000 च आहेत. आकडा बोचतो, माहीत आहे. पण हे 5,000 वेगळ्या खात्यात टाका, ज्याचं एटीएम कार्ड खिशात नसतं. त्या खात्याचं यूपीआयही सुरू करू नका. सीताबर्डीच्या बाजारात फिरताना फोन फार पटकन बाहेर निघतो.

यानंतर उद्दिष्ट. ‘थोडी बचत करायची’ याला मी उद्दिष्ट म्हणत नाही. ‘दीड वर्षानं गाडीच्या डाउन पेमेंटला 54,000’ म्हटलं की महिन्याचे 3,000 आपोआप ठरतात. जमत नसतील तर तारीख पुढे ढकला, कर्ज काढू नका.

ताई लोक विचारतील, त्यासाठी आमची भिशी आहे ना? भिशीला मी नावं ठेवणार नाही. दर महिन्याला पैसे द्यावेच लागतात, कारण शेजारणीसमोर नाही कसं म्हणायचं! पण पहिला नंबर लागला त्या बाईला बिनव्याजी कर्ज मिळतं, आणि शेवटच्या बाईचे पैसे वर्षभर बिनव्याजी अडकतात. मधेच कुणी हात वर केले तर लेखी काही नसतं. म्हणून ठरलेल्या तारखेच्या खर्चाला मी आरडीच सांगीन, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची ठेव.

त्यातही मुदत बघा. पोस्टाची आरडी महिना 100 रुपयांपासून सुरू होते, पण ती 5 वर्षांची. 3 वर्षांनंतर मोडता येते, पण मग व्याज साध्या बचत खात्याचं. दीड वर्षाच्या गाडीसाठी बँकेची आरडी बरी, तिथे मुदत आपल्या सोयीनं ठरवता येते. पोस्टाची ठेवा लेकीच्या शिक्षणासारख्या लांबच्या कामाला.

आरडीच्या हप्त्याची तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवसाची द्या, 25 ची नको. आणि आज एवढंच करा: विजेचं जुनं बिल काढा. मागच्या महिन्यांचा वापर त्यावरच छापलेला असतो. मे-जूनचे युनिट बघून उन्हाळ्याचा आकडा मांडा, माझे 8,400 उचलू नका.